वर्षाला अर्धा माणूस

त्या वर्षी थंडी सरता सरेना. सकाळी दहापर्यंत खाणीवर धुकं बसून असायचं. दगडाला हात लावला की हात ओला, घणाचा दांडा धरला की तो निसटायचा. पण सगळ्यात वाईट म्हणजे सुरुंगाच्या वाती सादळल्या होत्या. सुरुंगवाला रोज सकाळी वातींचं वेटोळं पोटाशी धरून, वरून सदरा ओढून बसायचा, तान्ह्या लेकराला ऊब द्यावी तसा. तरी आठवड्यात एखादा बार फुसका जायचाच.

त्याचं सगळं घर या खाणीवर होतं. मुलगा मशीनने खडकात भोकं पाडायचा, बाप त्यात दारू भरून वात लावायचा. सुरुंगवाल्याची बायको हातोडी घेऊन खडीच्या ढिगावर बसायची. आणि सून वर, खाणीच्या काठावरच्या पत्र्याच्या ऑफिसात. ती कॉलेजात दोन वर्षं संख्याशास्त्र शिकली होती. लग्न झालं आणि कॉलेज सुटलं. मग इथे ट्रकच्या पावत्या फाडणं, हजेरी लिहिणं आणि भोंगा वाजवणं तिच्याकडे आलं.

भोंग्याचं काम दिसायला सोपं. बार उडवायच्या आधी तीन आखूड भोंगे. सगळी माणसं पलीकडच्या शेडखाली जात. सुरुंगवाला एकेक वात पेटवत जाई आणि मुलाला घेऊन लोखंडी आडोशामागे बसे. मग एकामागून एक बार उडत. सगळे झाले की घड्याळाकडे बघून अर्धा तास थांबायचं आणि एक लांब भोंगा द्यायचा. तो वाजल्याशिवाय कोणी खाली पाऊल टाकायचं नाही. वाजला की आधी बाप-लेक दोघंच जात, प्रत्येक भोक तपासत, हात वर करत. मग बाकीचे.

अर्धा तास का, तर एखादी सादळलेली वात विझल्यासारखी दिसते आणि आतल्या आत धुमसत राहते. मग मनात येईल तेव्हा बार उडतो. कान देऊन मोजलं तरी खात्री नसते; दोन बार एकदम झाले तर बाराचे अकराच ऐकू येतात.

थंडीच्या मध्यावर एक दिवस मालक जीपमधून आला. त्याने मुकादमालाही आत बोलावलं.

"बाई, तुम्ही ते अंदाजाचं गणित शिकलात ना?"

"संख्याशास्त्र, मालक."

"तेच. पुलाचं काम मिळालंय. रोज दुप्पट दगड पाहिजे. म्हणजे दिवसाला एक बार आहे तो दोनदा झाला पाहिजे. वेळ कुठे जातो? बार झाल्यावर साठ माणसं हात बांधून बसतात तिथे. मुकादम म्हणतो दहा मिनिटं पुरे. सुरुंगवाला म्हणतो अर्ध्या तासाखाली एक मिनिट नाही. मी कुणाचं ऐकू? तुम्ही मोजून सांगा. घाबरट माणसाचं नको आणि उतावळ्याचंही नको. आकडा द्या."

मालक तिला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणाला होता. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आकड्यांसाठी लांब जायची गरज नव्हती. सुरुंगवाल्याची वही होती. बारा वर्षं तो रोज त्यात पेन्सिलीने खुणा करायचा. ऐकू आलेल्या बाराला उभी रेघ, न आलेल्याला गोळा, आणि उशिरा उडालेल्याला गोळ्यात रेघ व शेजारी मिनिटं. अक्षर नव्हतंच, नुसत्या खुणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ती वही तो उशाखाली ठेवायचा.

"बाबा, तुमची वही नेऊ का? ऑफिसात काम आहे."

त्याने हात पुसले, वही काढली आणि दोन्ही हातांनी तिला दिली. "ने ना. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणी मागितली," तो म्हणाला. कशाला हवी ते त्याने विचारलं नाही.

तीन दिवस ती त्या खुणांत बुडून गेली. छत्तीसशे दिवस. उशिरा उडालेले बार तीस. त्यातले चोवीस दहा मिनिटांच्या आत. चार दहा ते वीसच्या मध्ये. दोन वीस ते तीसच्या मध्ये. तीसच्या पुढे एकही नाही. तिने रकाने आखले, बेरजा दोनदा तपासल्या. कॉलेजातल्या सरांचा आवाज कानात होता: प्रत्येक गोष्ट किती वेळा घडू शकते ते बघायचं, घडली तर किती फायदा-तोटा ते बघायचं, गुणायचं, मिळवायचं. तिला इतकी मजा वाटत होती की जेवायला हाक मारली तरी ऐकू जाईना. सासू म्हणाली, "हिला त्या वहीनेच पोट भरतंय वाटतं."

चौथ्या दिवशी तिने कागद मालकापुढे ठेवला.

"एका दिवसाचं काही सांगता येत नाही, मालक. पण पुष्कळ दिवसांचं सांगता येतं."

"मला पुष्कळ दिवसांचंच पाहिजे."

"दहा मिनिटं ठेवली तर जे बार दहा ते तीसच्या मध्ये उडतात ते अंगावर येणार. छत्तीसशे दिवसांत असे सहा. आता दिवसाला दोन म्हणजे वर्षाला सहाशे वेळा. म्हणजे वर्षाला एक. त्या वेळी माणूस भोकाजवळ असेलच असं नाही. कधी असेल, कधी नसेल. म्हणून निम्मं धरलं."

"म्हणजे किती?"

"वर्षाला अर्धा."

"अर्धा काय?"

हा प्रश्न कागदावर आला नव्हता. "अपघात," ती म्हणाली.

"अर्धाच ना?" मुकादम म्हणाला.

मालकाचं बोट खालच्या ओळीवर आलं होतं. तिथे भरपाईची रक्कम होती, अर्धी केलेली, आणि पुढे तिच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं: चार दिवसांच्या जादा खडीत वसूल. मालकाने ती ओळ दोनदा वाचली. "वा," तो म्हणाला. "याला म्हणतात हिशेब. खाली सही करा." तिने सही केली. दुसऱ्या दिवशी तिला पाठ टेकायची नवी खुर्ची आली आणि भोंग्याच्या बटणाशेजारी मुकादमाने खडूने लिहिलं: १० मिनिटं.

पहिल्याच दुपारी ती नव्या खुर्चीत बसून होती. बार झाले. घड्याळाचा काटा दहावर आला आणि मुकादमाने मान हलवली. तिने बटण दाबलं. खाली धुरळा अजून खाली बसायचा होता. त्या धुरळ्यात दोन माणसं शिरली. पुढचा थोडा वाकून चालत होता, मागच्याच्या खांद्यावर पहार होती. धुरळ्याने त्यांना कंबरेपर्यंत गिळलं, मग खांद्यापर्यंत, मग ती दिसेनाशी झाली. आत जाणारे हेच दोघं आहेत, हे तिला रोज दिसत होतं. तीन दिवस ती गणित करत होती तेव्हाही माहीत होतं. पण रकान्यात लिहिताना 'माणूस' लिहिलं होतं. कुठला ते लिहायला जागाच नव्हती.

दोघं बाहेर आले. बापाने हात वर केला. तिने श्वास सोडला, आणि संध्याकाळी पुन्हा बार होता.

त्यानंतर भीतीने तिची पाठ सोडली नाही. दिवसातून दोनदा ती बटण दाबायची आणि दोनदा मरायची. ट्रकवाल्यांच्या पावत्यांत चुका होऊ लागल्या. कुठे पत्रा वाजला, कुणी ट्रकचं फाळकं आपटलं, की ती उभी राहायची. एकदा तिने पावतीच्या पाठीमागे दहा वर्षं मांडून पाहिली. सरासरी अर्धा म्हणजे दरवर्षी अर्धा नव्हे. दहातली सहा वर्षं काहीच नाही. तीन वर्षं एकेक. आणि एक वर्ष दोन. ते 'दोन' तिने लिहिलं आणि पेन ठेवून दिलं.

त्या संध्याकाळी नवरा जेवत होता. दुसऱ्या बाराची जादा मजुरी मिळाल्याने खुशीत होता.

"अहो, तुम्ही मुकादमाला सांगा ना, तुम्ही पहिल्यांदा आत जाणार नाही म्हणून."

"का? तुझ्यामुळेच तर चार पैसे वाढले. आता तूच रड लावतेस?"

"दहा वर्षांत पाच माणसं जाणार आहेत."

"खाणीत साठ माणसं आहेत. गाडीखालीही लोक मरतात."

"साठ कुठली? दहाव्या मिनिटाला आत कोण जातं?"

त्याचं चावणं थांबलं. भिंतीशी बसलेल्या बापाकडे त्याने पाहिलं, मग ताटाकडे. "मी आणि बाबा," तो म्हणाला, आणि उरलेलं जेवण तसंच ठेवून बाहेर गेला.

सुरुंगवाला कधीचा ऐकत होता. "माझ्या वहीतून काढलंस हे?" त्याने विचारलं.

"हो, बाबा."

"मी ती वही माणसं आत जाऊ नयेत म्हणून ठेवली होती गं."

त्याने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तो नुसता हाताची बोटं बघत राहिला. सासू चुलीपाशी होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही, फक्त भांडं ठेवलं ते जरा जोरात वाजलं आणि सून दचकली.

दुसऱ्या दिवशी मालक आला तेव्हा ऑफिसात चार ट्रकवाले पावत्यांसाठी उभे होते. ते जाईपर्यंत थांबायचं तिला सुचलं नाही.

"मालक, तो कागद परत द्या. अर्धा तासच ठेवा."

"का? गणित चुकलं?"

"नाही."

"मग?"

"तुमच्या चार खाणी आहेत. वीस वर्षं चालतील. एका वर्षी तोटा झाला तर दुसऱ्या वर्षी भरून येतो. सरासरी तुमच्यासाठी आहे. जो आत जातो त्याचं भरून येत नाही, मालक. अर्धा माणूस मरत नाही. एक तर काहीच होत नाही, नाही तर पुरता मरतो."

मालकाने ट्रकवाल्यांकडे पाहिलं आणि हसला. "आमच्या बाईंना भीती वाटतेय."

"बाई," एक ट्रकवाला म्हणाला, "माझं टायर कधी फुटेल तेही बघून सांगा. आत्ताच वीस टन भरलाय."

सगळे हसले. मालक जाता जाता म्हणाला, "खाली सही तुमची आहे. विसरू नका." तो पुन्हा 'तू' म्हणाला असता तरी तिला इतकं लागलं नसतं.

आणि मग तो दिवस आला. सकाळपासून बारीक बुरबुर होती. मालकाचा दोनदा फोन आला, ट्रक ओळीने उभे होते. दुसरा बार साडेचारला लागला. बारा भोकं. ती खिडकीशी उभी राहून मोजत होती, ओठ हलवत. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सातवा जड आला, जमीन हलली. आठ. नऊ. दहा. अकरा.

मग काहीच नाही. पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं.

"अकरा," ती म्हणाली.

"सातवा जोडीचा होता," मुकादम म्हणाला. "ऐकलंस ना केवढा आवाज झाला? बारा झाले."

"अकरा झाले."

"बरं बाई, अकरा तर अकरा. दहा मिनिटांनी भोंगा दे."

तिने घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटं. सहा. आडोशामागे दोन डोकी दिसत होती, शेजारी शेजारी. नऊ. भिंतीवर भोंग्याच्या वायरीत पांढरा चिनी मातीचा फ्यूज होता. ती स्टुलावर चढली, तो ओढून काढला आणि मुठीत घट्ट धरून खाली उतरली.

मुकादमाला क्षणभर कळलंच नाही. "काय केलंस?"

"अर्धा तास होऊ दे."

"डोकं फिरलंय का तुझं? ट्रक उभे आहेत! आण इकडे!" तो एक पाऊल पुढे आला. तिने मूठ पाठीमागे नेली आणि भिंतीला पाठ लावली. बाईमाणसाच्या अंगाला हात लावायची त्याला हिंमत झाली नाही. त्याने दारात जाऊन दोन्ही हात हलवले, ओरडला, शिट्टी मारली. वारा उलटा होता. आणि खाली कोणी शिट्टीवर उठत नसे, भोंग्यावरच उठत.

"मग तुम्ही खाली जा," ती म्हणाली. "जाऊन सांगा त्यांना, आत जा म्हणून. आणि त्यांच्याबरोबर तुम्हीही जा. सातवा जोडीचा होता ना?"

मुकादमाने उताराकडे पाहिलं. खालपर्यंत जायला चार मिनिटं पुरली असती. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. दारातून परत आत आला, स्टूल ओढलं आणि बसला. चौदा मिनिटं झाली होती.

दोघंही एकाच घड्याळाकडे बघत होती. मुकादमाचा उजवा पाय स्टुलाखाली थडथड हलत होता. फोन वाजला. कोणी उचलला नाही. सतरा. एकवीस. खाली शेडमधून कोणीतरी मान काढून वर बघितलं. पंचवीस. तिला वाटलं, आता. आता होईल. तिने डोळे मिटले, आणि मिटल्यावर जास्त भीती वाटली म्हणून उघडले. एकोणतीस. तीस. आणखी एक मिनिट ती थांबली. मग स्टुलावर चढून फ्यूज बसवला आणि बटण दाबलं.

काहीही झालं नाही. बाप-लेक आत गेले. थोड्या वेळाने बापाने दोन्ही हात आडवे केले: एक बार राहिलाय. मग जपून, पाणी ओतून ओतून त्यांनी ते भोक मोकळं केलं. बारावी वात वीतभर जळून कधीच विझून गेली होती. ओली चिंब. ती दिवसभर उडाली नसती.

ते कळल्यावर मुकादमाला कंठ फुटला. सगळ्या शेडला ऐकू जाईल असा तो हसला. "एवढा तमाशा केला, आणि निघाला काय? फुसका बार!" दिवस मावळायच्या आत ते तिचं नावच पडून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकवाले हॉर्न देऊन हाक मारत होते, "ओ फुसका बार, पावती!" पण पावती फाडायलाही ती एकच सकाळ होती. दुपारी मालकाचा निरोप आला, उद्यापासून ऑफिसात येऊ नको.

संध्याकाळी नवरा घरी आल्यावर आधी भांडला. "लोक मलाही हसतात. म्हणतात, बायकोच्या पदराखाली लपतो." मग पाणी प्यायला आणि बऱ्याच वेळाने हळूच म्हणाला, "आडोशामागे बसलो होतो तेव्हा बाबांनी माझा हात धरला होता. लहान होतो तेव्हा धरायचे तसा."

"ती विझलेलीच होती ना पण," ती रडत म्हणाली. "मी उगाच…"

सुरुंगवाला दारात पायातल्या वहाणा काढत होता. "वरून विझली की आतून विझली, ते बाहेर बसून कुणाला कळतं?" तो म्हणाला. "मला तरी कळलं होतं का? बस इथे. ते दहा वर्षांचं काय ते मला सांग. नीट, सावकाश सांग."

तिने सांगितलं. सहा वर्षं काही नाही. तीन वर्षं एकेक. एक वर्ष दोन. तो जाणाऱ्या प्रत्येक माणसाला एक बोट दुमडत होता. सगळी बोटं मिटली तेव्हा त्याने मुठीकडे पाहिलं, उठला, वहाणा पुन्हा घातल्या आणि उजेड होता तोवर वस्तीतल्या दारोदार जाऊन आला.

दुसऱ्या दिवशी ती सासूशेजारी खडीच्या ढिगावर बसली. हातोडीची सवय नव्हती. तासाभरात अंगठा सुजला. दुपारी बार झाले. दहाव्या मिनिटाला मुकादमाने स्वतःच्या हाताने भोंगा दिला, लांबलचक.

आडोशामागून कोणी उठलं नाही.

शेडमधूनही कोणी उठलं नाही. मुकादमाने पुन्हा भोंगा दिला. मग तिसऱ्यांदा. साठ माणसं बसून होती. कोणी तंबाखू मळत होतं, कोणी नखं बघत होतं, पण मुकादमाकडे मान वर करून बघायची कोणाची छाती नव्हती. सगळे घाबरले होते. कामावरून काढतील, मजुरी कापतील, उद्या दुसरी माणसं आणतील. तरी बसून होते. अर्धा तास झाल्यावर सुरुंगवाला उठला, मागून मुलगा.

असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी मालक आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "बरं, तुमचं नको आणि माझं नको. वीस मिनिटं. झालं?"

माणसांत चुळबुळ झाली. वीस म्हणजे दहाच्या दुप्पट मिळालं होतं. काहीजण उठायलाही लागले. सुरुंगवाल्याने ढिगाकडे हाक मारली, "सूनबाई, वीस ते तीसमध्ये किती होते?"

ती उभी राहिली. साठ माणसं आणि मालक तिच्याकडे बघत होते. "दोन," ती म्हणाली.

"बारा वर्षांत दोनच!" मालक म्हणाला.

"मग त्या दोघांची नावं सांगा, मालक," सुरुंगवाला म्हणाला. "ते सोडून बाकीचे आम्ही जातो."

कोणी हसलं नाही. मालकाने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, जणू खरंच निवडायचे होते. मग जीपमध्ये बसून निघून गेला.

खाण पुन्हा जुन्या वळणावर आली. दिवसाला एकच बार, मागून अर्धा तास. दुसऱ्या बाराची मजुरी गेली, आणि महिनाभर नवरा त्यावरून कुरकुरत राहिला. ऑफिसात नवा कारकून आला. तिचा अंगठा बरा झाला, तळव्याला घट्टे पडले. पुलाचा दगड मालक आता टेकडीपलीकडच्या त्याच्याच दुसऱ्या खाणीतून काढत होता, असं ट्रकवाले सांगत.

धुकं सरलं तशी हवा मोकळी झाली, आवाज लांबून येऊ लागले. एक दिवस ती खडी फोडत असताना टेकडीपलीकडून बार ऐकू आले. तिचा हात आपोआप थांबला आणि ओठ हलू लागले. आठ झाले. ती वाट बघत राहिली. थोड्याच वेळात पलीकडून लांब भोंगा आला.

"किती झालं असेल?" तिने विचारलं.

"पाव तासही नाही," सासू म्हणाली.

तिच्या हातातली हातोडी खाली पडली. तो कागद. तिचे रकाने, तिच्या सुबक अक्षरातली ती ओळ, खाली तिची सही. मालकाने तो तिकडच्या भिंतीला नेऊन लावला असणार. तिथे आत कोण जातं, बाप-लेक आहेत की भाऊ भाऊ, त्यांची घरं कुठे आहेत, तिला काही माहीत नव्हतं.

सासू तिच्याकडे बघत होती. "तीस वर्षं," ती म्हणाली, "रोज बार झाला की माझ्या पोटात गोळा यायचा. हे आत जायचे आणि मी इथे दगड फोडत बसायचे."

"तुम्ही कधी बोलला नाहीत, आई."

"काय बोलू? भीती वाटते म्हणू? सगळ्यांनाच वाटते. मला आकडे कुठे येत होते?"

पलीकडे आता शांत होतं. दोघी बराच वेळ कान देऊन बसल्या. काही ऐकू आलं नाही. म्हणजे आजचा दिवस त्यांचा बरा गेला असावा.

सुनेने हातोडी उचलली नाही. "मी जाऊन येते तिकडे," ती म्हणाली. "तिथल्या बायकांना सांगते. पण मालकाला कळलं तर आपलं इथलंही जाईल, आई. सगळ्यांचं."

सासूने ढिगाला हात टेकून कंबर सरळ केली, लुगड्यावरची खडीची भुकटी झटकली आणि वहाणा शोधू लागली.

"चल," ती म्हणाली. "आकडे तू सांग. गोळ्याचं मी सांगते."